काचेला न दिसलेली संध्याकाळ

एकोणिसाव्या शतकात काढलेले डोंगरी नदीचे एखादे छायाचित्र इतिहासाच्या किंवा भूगोलाच्या पुस्तकात आपल्याला कधी ना कधी भेटते. दोन्ही बाजूंना कडे, मध्ये दगडगोटे, त्यातून उतरणारी नदी. चित्र इतके रेखीव असते की कड्यावरची भेगन्‌भेग मोजता यावी. पण जरा थांबून पाहिले तर दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे असते. त्यात ढगाचा मागमूस नसतो. दुसरी म्हणजे नदीत पाणी दिसतच नाही. दगडांमधून कोणी पिंजलेला कापूस पसरून ठेवला आहे, असे वाटते.

तिसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही, कारण ती चित्रात नसते. डोंगरात फिरलेल्या कोणालाही विचारा, नदी सर्वांत सुंदर केव्हा दिसते? उत्तर येईल, संध्याकाळी. शिखरे सोनेरी झालेली, दरी सावलीत गेलेली आणि पाण्यावर आकाशाचा उजेड. मग त्या काळातल्या छायाचित्रांमध्ये ही संध्याकाळ जवळजवळ का नाही? छायाचित्रकारांना ती आवडत नव्हती, असे तर नसेल. कारण त्यांच्या हौसेत नव्हते, त्यांच्या काचेत होते. ते समजून घेतले तर संध्याकाळच्या नदीचा हा इतिहास एका मोठ्या प्रश्नापाशी नेऊन सोडतो: छायाचित्र हा पुरावा मानायचा, तर तो कितपत?

ओल्या काचेचे दिवस

१८५१ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने छायाचित्रणाची एक नवी रीत प्रसिद्ध केली. कलोडियन नावाच्या चिकट द्रवात आयोडाइडचे क्षार विरघळवायचे, तो द्रव काचेवर एकसारखा पसरायचा आणि ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. काचेवरच सिल्व्हर आयोडाइड तयार होते आणि काच प्रकाशाला संवेदनक्षम बनते. अट एवढीच की पुढचे सारे काम थर ओला असतानाच उरकायचे. काच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे आणि लगेच अंधारात नेऊन विकसित करायची. थर वाळला की संपले.

म्हणजे छायाचित्रकार जिथे जाईल तिथे त्याची प्रयोगशाळाही जायला हवी. सॅम्युअल बोर्न हा नॉटिंगहॅमच्या बँकेतला कारकून नोकरी सोडून १८६३ मध्ये भारतात आला आणि त्याच वर्षी सिमल्याहून हिमालयात निघाला. त्याच्याबरोबर सुमारे ३० हमाल होते. काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या, कॅमेरा आणि अंधारकोठडीचा तंबू हे सगळे त्यांच्या पाठीवर होते. त्याच्या काचा होत्या १२ इंच लांब आणि १० इंच रुंद. १८६४ मध्ये तो काश्मीरकडे गेला. १८६६ मध्ये कुलू, लाहौल, स्पिती असे करत तो सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत पोचला आणि तिथेही त्याने चित्रे घेतली. पुढे तो गंगोत्रीला गेला आणि भागीरथी जिथे हिमनदीच्या पोटातून बाहेर पडते त्या गोमुखाचे त्याने छायाचित्र घेतले. त्याच्या भागीदारीतून उभा राहिलेला ‘बोर्न अँड शेफर्ड’ हा स्टुडिओ कोलकात्यात थेट २०१६ पर्यंत चालू होता.

अशा प्रवासात नदी म्हणजे नुसता चित्राचा विषय नव्हे. काच धुवायला भरपूर पाणी लागते. डोंगरात ते नदीचेच. त्यात वाळूचा कण असला आणि तो ओल्या थरावर बसला की चित्रावर कायमचा डाग. जिचे चित्र घ्यायचे, तिच्याच पाण्यात ते धुवायचे, असा हा उद्योग होता.

आता कापसासारख्या पाण्याचे कोडे सोडवू. ओल्या काचेला निसर्गदृश्यासाठी काही सेकंद, कधी त्याहूनही बराच अधिक प्रकाश द्यावा लागे. समजा, पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने धावते आहे आणि भिंग ५ सेकंद उघडे आहे. तेवढ्यात पाण्यावरचा एखादा बुडबुडा १० मीटर पुढे गेला. काचेवर त्याचा ठिपका उमटणार नाही, पुसट रेघ उमटेल. अशा हजारो रेघा एकमेकींवर बसल्या की जे तयार होते तो धुरकट पांढरा पट्टा. खडक हलत नाही म्हणून तो रेखीव, पाणी हलते म्हणून ते पुसट. चित्रात दिसते ते पाणी नव्हे. ती पाण्याच्या पाच सेकंदांची बेरीज आहे.

निळे दिसते, तांबडे दिसत नाही

पांढरे आकाश आणि हरवलेली संध्याकाळ यांचे कारण मात्र वेगळे आहे आणि दोन्हींचे मूळ एकच आहे.

आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो, म्हणजे जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत. ओल्या काचेचा डोळा निराळा होता. तिला आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसत, जांभळा आणि निळा दिसे, पण साधारण ५०० नॅनोमीटरच्या पुढे ती आंधळी होती. पिवळा, नारिंगी आणि तांबडा हे तिच्या लेखी अंधाराचेच प्रकार.

असे का, हे बारावीचा विद्यार्थी आज गणित करून सांगू शकतो. प्रकाश फोटॉनच्या रूपाने येतो आणि फोटॉनची ऊर्जा तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये ही ऊर्जा काढायची तर १२४० या संख्येला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागायचे. ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या फोटॉनची ऊर्जा ३.१ येते, ६५० नॅनोमीटरच्या तांबड्याची १.९. सिल्व्हर ब्रोमाइडच्या स्फटिकातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे २.६ लागतात. म्हणजे जांभळा फोटॉन ते काम करतो, तांबडा करू शकत नाही. तांबडे फोटॉन कितीही संख्येने आले तरी उपयोग नाही. पाच रुपयांच्या नाण्यावर चालणाऱ्या यंत्रात एक-एक रुपयाची शंभर नाणी टाकली, तरी ते हलत नाही, तसेच हे.

आता संध्याकाळ म्हणजे काय ते पाहू. हवेचे रेणू प्रकाशाचे विकिरण करतात आणि ते तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात होते, हे रॅले याने १८७१ मध्ये मांडले. ७०० भागिले ४०० म्हणजे १.७५. त्याचा चौथा घात सुमारे ९.४. म्हणजे जांभळा प्रकाश तांबड्याच्या नऊपटींहून अधिक विखुरतो. सूर्य डोक्यावर असताना स्वच्छ हवेतून, समुद्रसपाटीवर, ४०० नॅनोमीटरचा सुमारे ७० टक्के प्रकाश सरळ आपल्यापर्यंत पोचतो आणि ७०० नॅनोमीटरचा सुमारे ९६ टक्के. फरक फार नाही. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर उतरला की त्याच्या किरणांना साडेपाचपट हवेतून यावे लागते. तेव्हा तांबडा प्रकाश अजून ८० टक्के पोचतो, जांभळा मात्र जेमतेम १३ टक्के. सूर्य क्षितिजाला टेकला की वाटेतली हवा ३८ पटींच्या आसपास होते. तांबड्याचा एक चतुर्थांश भाग अजून शिल्लक असतो आणि जांभळ्याचा उरतो दहा लाखांतला एखादा भाग. उंच डोंगरावर वरची हवा विरळ असल्याने हे आकडे थोडे सौम्य होतील, पण गोष्ट तीच राहील.

म्हणजे आपल्या दृष्टीने ऊन सोनेरी होत जाते, तेव्हा काचेच्या दृष्टीने ते विझत जाते. गंमत पुढेच आहे. उन्हातून निखळलेला निळा प्रकाश नाहीसा होत नाही, तो आकाशात पसरतो. सावलीत गेलेल्या दरीवर हाच आकाशाचा निळा उजेड पडतो. त्यामुळे संध्याकाळच्या डोंगराकडे माणूस आणि काच एकाच वेळी पाहू लागले, तर माणसाला शिखर झळाळताना दिसते आणि काचेला ते मंदावलेले. माणसाला आकाश गडद होत चाललेले दिसते आणि काचेला ते अजून पांढरेफेक. ढग पांढरा आणि काचेसाठी निळे आकाशही पांढरेच, म्हणून ढग दिसत नाही. जमिनीला पुरेल एवढा वेळ भिंग उघडे ठेवले की आकाश जळून कोरे होते.

यावर काहींनी युक्त्या काढल्या. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५७ मध्ये समुद्राची जी प्रसिद्ध चित्रे केली, त्यांपैकी काहींत आकाशाची निगेटिव्ह वेगळी आणि समुद्राची वेगळी होती. क्षितिजरेषेवर दोन्ही जोडून त्याने एक चित्र छापले. बाकीचे छायाचित्रकार सूर्य वर असतानाच काम उरकत. डोंगरी नदीची संध्याकाळ तशीच राहिली.

वेग आला, रंग राहिला

पहिले कुलूप वेगाचे होते. ते आधी उघडले. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स याने कलोडियनऐवजी जिलेटिन वापरून कोरड्या काचेची कल्पना मांडली. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट याने हे मिश्रण बराच काळ गरम ठेवून तिची संवेदनक्षमता पुष्कळ वाढवली. सेकंदाच्या पंचविसाव्या भागात चित्र घेणे आता शक्य झाले. तेवढ्या वेळात आपले २ मीटर वेगाचे पाणी फक्त ८ सेंटिमीटर सरकते. कापूस गेला आणि लाट दिसू लागली. पण ही वेगवान काचही निळ्याच प्रकाशाची होती. सोनेरी उन्हाला ती पूर्वीइतकीच आंधळी.

दुसरे कुलूप रंगाचे. त्याची किल्ली योगायोगाने सापडली, पण सापडली ती लक्ष देऊन पाहणाऱ्याला. हर्मान विल्हेल्म फोगेल हे बर्लिनमध्ये छायाचित्रणाचे प्राध्यापक होते. १८७३ मध्ये वर्णपटाची चित्रे घेताना त्यांना दिसले की, इंग्लंडहून आलेल्या काही काचा निळ्यापेक्षा हिरव्या प्रकाशाला अधिक दाद देत आहेत. हे ज्ञात नियमात बसत नव्हते. ‘काच खराब निघाली’ म्हणून त्यांना ती बाजूला ठेवता आली असती. त्यांनी चौकशी केली. काचेच्या मागच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाने चित्र बिघडू नये म्हणून त्या काचांमध्ये एक पिवळे रंगद्रव्य घातलेले होते. फोगेल यांनी तर्क केला: रंगद्रव्य जो रंग शोषते, त्या रंगाला काच संवेदनक्षम होत असावी. मग त्यांनी मुद्दाम वेगवेगळी रंगद्रव्ये घालून पाहिली आणि तर्क खरा ठरला.

अनेकांना हे लगेच पटले नाही. पण पुढच्याच वर्षी एदमों बेकरेल यांनी हरितद्रव्य वापरून काच तांबड्या प्रकाशालाही संवेदनक्षम करता येते हे दाखवले. आज आपण या घटनेचा अर्थ असा लावतो: तांबडा फोटॉन स्फटिकातला इलेक्ट्रॉन स्वतः उठवू शकत नाही, पण रंगद्रव्याच्या रेणूतला उठवू शकतो, आणि तो रेणू आपला इलेक्ट्रॉन शेजारच्या स्फटिकाला देऊन टाकतो. रंगद्रव्य हे काचेसाठी मध्यस्थ ठरले.

१८८० च्या दशकात इओसिन हे रंगद्रव्य घातलेल्या काचा बाजारात आल्या. त्यांना ऑर्थोक्रोमॅटिक म्हणत. त्यांना हिरवा-पिवळा दिसू लागला, तांबडा अजून नाहीच. जुन्या अंधारकोठडीत तांबडा दिवा लावून काम करता येई, ते याच आंधळेपणाच्या भरवशावर! १९०२ मध्ये बर्लिनमध्येच, फोगेल यांच्या जागी आलेले आडोल्फ मीटे आणि त्यांचे सहकारी आर्थर ट्राउबे यांनी एथिल रेड हे नवे रंगद्रव्य काढले आणि १९०६ मध्ये इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने सर्व रंगांना संवेदनक्षम, म्हणजे पॅन्क्रोमॅटिक, काचा विकायला सुरुवात केली. पहिल्या निरीक्षणापासून तिथवर ३३ वर्षे गेली. मावळतीचे ऊन आता काचेला दिसू लागले आणि अंधारकोठडीतला तांबडा दिवा विझवावा लागला.

रंगीत पाणी आणि सांगून दिलेली साक्ष

मीटे यांच्याकडे १९०२ मध्ये शिकायला आलेल्यांत सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की हे रशियन रसायनतज्ज्ञ होते. १९०९ पासून झार निकोलस दुसरा याच्या पाठबळाने त्यांनी रशियन साम्राज्याची रंगीत छायाचित्रे घेतली. त्यासाठी रेल्वेचा एक डबाच अंधारकोठडी म्हणून सजवला होता. रंगीत फिल्म तेव्हा नव्हती. ते एकाच लांब काचेवर एकामागून एक तीन चित्रे घेत, निळ्या, हिरव्या आणि तांबड्या फिल्टरमधून. पुढे त्या तिन्ही चित्रांतून तीन रंगांचा प्रकाश सोडून ती पडद्यावर एकावर एक पाडली की मूळ रंग दिसत.

त्यांनी काढलेले स्वतःचेच एक चित्र आहे. कॉकेशसच्या डोंगरातल्या कारोलिसत्स्काली नदीकाठी ते खडकावर बसले आहेत. अशा चित्रांत खडक आणि झाडी खऱ्या रंगांत दिसतात, पण वाहत्या पाण्यावर तांबडे, हिरवे, निळे फराटे उमटलेले असतात. कारण तिन्ही चित्रांमध्ये थोडा वेळ गेला होता. खडक तिन्ही वेळी तिथेच होता, लाट मात्र तीन वेगळ्या जागी. नदी कधी तशी रंगीत नव्हती. ते रंग म्हणजे गेलेल्या काळाची खूण आहे. त्यांच्या सुमारे १९०० काचा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये विकत घेतल्या आणि त्या आज जपून ठेवलेल्या आहेत.

मग सर्व रंग पाहणारी आणि वेगवान फिल्म आल्यावर चित्र अगदी खरे झाले का? १९४२ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी टीटन पर्वत आणि स्नेक नदीचे चित्र घेतले. कॅमेरा पश्चिमेकडे, मावळतीच्या दिशेला रोखलेला. खाली नागमोडी वळणे घेणारी नदी आकाशाच्या उजेडाने चकाकते आणि तिचे काठ गडद आहेत. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीची ओळख म्हणून जी चित्रे अवकाशात पाठवली, त्यांत हेही आहे. पण अ‍ॅडम्स यांची पद्धतच मुळी अशी होती की, दृश्यातला कोणता भाग किती काळा आणि किती पांढरा छापायचा हे आधी मनाशी ठरवायचे आणि त्यानुसार प्रकाश, विकसन आणि छपाई सांभाळायची. १९४० च्या सुमारास फ्रेड आर्चर यांच्याबरोबर त्यांनी तिला ‘झोन सिस्टिम’ असे रूप दिले. हे काही लपवून केलेले नव्हते, त्यांनी त्यावर पुस्तके लिहिली. इथे साक्षीदाराला सगळे दिसते, पण काय ठासून सांगायचे ते त्याला शिकवलेले आहे.

साक्षीदाराची उलटतपासणी

हे सगळे कशासाठी सांगितले? कारण जुनी छायाचित्रे आज निव्वळ कौतुकाच्या वस्तू राहिलेल्या नाहीत. १९३५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या जे. बी. ऑडेन यांनी गंगोत्री हिमनदीच्या मुखाची मोजणी करून नकाशा केला. त्यानंतरच्या सहा दशकांत हे मुख एक किलोमीटरहून अधिक मागे सरकले. ऑडेन यांच्याही आधी मुख कसे होते, असे विचारले तर १८६६ चे बोर्नचे छायाचित्र पुढे येते. ज्या नदीवर कोट्यवधी माणसे अवलंबून आहेत तिच्या उगमाबद्दलची ही साक्ष आहे. ती नीट वाचता आली पाहिजे.

त्या चित्रात हिमनदीच्या मुखाची जागा, कड्यांचे आकार, खडकांची ठेवण यांवर आपण विश्वास ठेवू शकतो. भिंगाची भूमिती तेव्हाही हीच होती आणि हे सगळे काही सेकंदांत हलत नाही. पण छटांवर विश्वास ठेवायचा तर सांभाळून. निळसर बर्फ आणि पांढरे हिम काचेला जवळजवळ सारखेच. तांबूस-तपकिरी खडक आहे त्याहून काळा उमटणार. हिरवी झाडी काळपट दिसते म्हणून ‘तेव्हा जंगल दाट होते’ असे म्हणता येणार नाही. दूरची रांग दिसत नाही म्हणजे त्या दिवशी ढग होते असेही नाही. हवेतला निळसर धूसरपणा काचेला फार जाणवतो आणि मागचे डोंगर त्यात बुडतात. पाणी शांत दिसते यावरून प्रवाह संथ होता असे तर मुळीच नाही.

म्हणून वर्गात कोणतेही छायाचित्र दाखवताना तीन प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लावावी, असे आम्हांला वाटते. या साक्षीदाराला कोणते रंग दिसत होते? तो किती वेळ पाहत होता? आणि त्याचे म्हणणे छापताना कोणी काय बदलले?

हे प्रश्न आजच्या मोबाइललाही लागू पडतात. त्याच्या सिलिकॉनच्या चकतीला तांबड्याच्या पलीकडचे अवरक्त किरणही जाणवतात, म्हणून तिच्यापुढे ते अडवणारा फिल्टर बसवलेला असतो. काचेचा दोष नेमका उलटा झाला! शिवाय मोबाइल बऱ्याचदा अनेक चित्रे पटापट घेऊन त्यांचे एक चित्र करतो, ल ग्रेसारखेच. आणि पांढरा कागद पांढराच दिसावा म्हणून प्रकाशाचा रंग आपणहून ‘दुरुस्त’ करतो. त्या दुरुस्तीत मावळतीचे सोने कधी फिके पडते, तर कधी वाढवून दिले जाते.

एक सोपा प्रयोग सुचवतो. गावाजवळच्या नदीवर किंवा ओढ्यावर मुलांना संध्याकाळी न्यावे. दुकानात मिळणाऱ्या गडद निळ्या जिलेटिन कागदाच्या दोनतीन घड्या डोळ्यांपुढे धरून आधी आकाश, मग सावलीतले पाणी आणि मग उन्हातला काठ पाहायला सांगावे. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हे बजावावे. प्रत्येकाने सगळ्यांत उजळ काय आणि सगळ्यांत काळे काय, याचा क्रम वहीत लिहावा. एकदा कागदातून पाहून आणि एकदा नुसत्या डोळ्यांनी. मग मोबाइलवर चित्र घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तिन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात. तिन्ही सारख्या निघणार नाहीत. त्यांतली खरी कोणती, यावर मुले भांडू लागली की इतिहासाचा आणि विज्ञानाचा तास एकदमच सुरू झाला असे समजावे.